समुद्रावरचा वारा आणि शेजाऱ्यांचा सलोखा

वारा कोणी पाहिला आहे काय? डोळ्यांनी कोणीच पाहिलेला नाही. पण वाऱ्याची ओळख आपल्याला चांगली आहे. खळ्यावर उपणणी चालली असताना वारा पडला, की हातातले सूप हातातच राहते. वारा सुटला, की भूस उडून बाजूला पडते आणि दाण्याची रास उभी राहते. वारा मजुरी मागत नाही. पण तो आपल्या मर्जीचा धनी आहे. बोलावले म्हणून येत नाही. नको तेव्हा येतो आणि घराची कौले उडवतो.

अशा लहरी गड्याकडून बारमाही काम कसे करून घ्यावे? युरोपातले काही देश ह्या प्रश्नाच्या मागे लागले आहेत. ते भर समुद्रात पवनचक्क्या उभारतात आणि वाऱ्याची वीज करतात. ह्या विजेने पाण्यातून हायड्रोजन नावाचा वायू काढावा, तो साठवावा आणि नळाने एकमेकांकडे पोचवावा, असा त्यांचा बेत आहे. एकट्या देशाला हे जमणारे नाही. म्हणून शेजारी शेजारी मिळून करू पाहतात. हेच शेजारी एके काळी एकमेकांशी लढले होते. म्हणून ही हकीकत आम्हांला सांगण्यासारखी वाटली.

एका मास्तरांची पवनचक्की

युरोपच्या उत्तरेला डेन्मार्क नावाचा लहानसा देश आहे. वस्ती साठ लाखांच्या आसपास. त्याच्या दक्षिणेला जर्मनी हा मोठा देश आहे. पश्चिमेला उत्तर समुद्र पसरला आहे. ह्या समुद्रावर वारा जोरात वाहतो आणि पाणी पुष्कळ ठिकाणी उथळ आहे.

१८६४ साली डेन्मार्कचे दक्षिणेकडच्या जर्मन राज्यांशी युद्ध झाले. डेन्मार्क हरला. त्याचा मोठा मुलूख गेला. त्या मुलखात रोडिंग नावाचे गाव होते. तेथे १८४४ साली मोठ्या माणसांसाठी एक शाळा निघाली होती. शेतकऱ्यांनी तेथे यावे, राहावे, चार गोष्टी शिकाव्यात आणि शहाणे होऊन आपल्या शेतावर परत जावे, अशी ती शाळा. आपल्या साक्षरता वर्गाची थोरली बहीणच म्हणा ना! गाव परक्यांच्या हाती गेले. तेव्हा मास्तर मंडळी उठली आणि सीमेच्या अलीकडे आस्कोव गावी आली. तेथे १८६५ साली त्यांनी पुन्हा शाळा मांडली.

ह्या आस्कोवच्या शाळेत १८७८ साली पॉल ला कूर नावाचे शिक्षक आले. शहरात वीज आली, मग खेड्याला का नको, असा त्यांचा प्रश्न होता. खेड्यात कोळसा नाही, पण वारा आहे. १८९१ साली त्यांनी शाळेजवळ पवनचक्की उभारली. तिच्यावर वीज तयार केली. आता अडचण आली ती आपली नेहमीची. वारा असला तर वीज. वारा पडला की अंधार.

ला कूर मास्तरांनी तोड काढली. वारा असेल तेव्हा त्या विजेने पाण्यातून हायड्रोजन काढायचा आणि टाकीत भरायचा. रात्री तो वायू जाळून दिवे लावायचे. १८९५ पासून १९०२ पर्यंत शाळेत असे दिवे लागले. काम जोखमीचे होते. वायूत हवा मिसळली, की धडाका होई. शाळेच्या खिडक्यांच्या काचा अनेकदा फुटल्या आणि पुन्हा बसवाव्या लागल्या. पण मास्तरांनी नाद सोडला नाही.

पुढे त्यांनी खेड्यातल्या तरुणांसाठी विजेच्या कामाचे वर्ग काढले. त्या वर्गात योहानेस यूल नावाचा तरुण शिकला. त्यानेच पुढे, १९५७ साली, गेडसर येथे २०० किलोवॉटची पवनचक्की उभारली. आजच्या पवनचक्क्या तिच्याच वंशातल्या आहेत. एका खेड्यातल्या शाळेने किती दूरवर मजल मारली, पाहा!

पाण्यातून निघणारे इंधन

पाण्यातून इंधन निघते, हे ऐकून कोणी म्हणेल, "काहीतरीच काय! पाण्याने तर आग विझते." पण गोष्ट खरी आहे. पाणी दोन वायूंचे बनलेले आहे. एक प्राणवायू. तो आपण श्वासातून घेतो. दुसरा हायड्रोजन. जुन्या क्रमिक पुस्तकांत त्याला उद्‌जन म्हणत.

आम्ही शाळेत मुलांना हा प्रयोग दाखवत असू. काचेच्या भांड्यात पाणी घ्यायचे. त्यात थोडे आम्ल टाकायचे. सेलला जोडलेली दोन टोके पाण्यात सोडायची. लगेच दोन्ही टोकांशी बुडबुडे उठतात. एका नळीत जितका प्राणवायू जमतो, त्याच्या दुप्पट दुसऱ्या नळीत हायड्रोजन जमतो. मुले डोळे मोठे करून पाहत. (हा प्रयोग घरी कोणी करू नये. हायड्रोजन चटकन पेट घेतो.)

हायड्रोजन जळाला, की त्याचे पुन्हा पाणीच होते. धूर नाही, राख नाही, काजळी नाही. हा त्याचा मोठा गुण.

आज जगात जो हायड्रोजन वापरला जातो, त्यातला बहुतेक पाण्यातून काढलेला नाही. तो जमिनीतून निघणाऱ्या नैसर्गिक वायूपासून किंवा कोळशापासून काढतात. नैसर्गिक वायूपासून एक किलो हायड्रोजन काढला, तर नऊ-दहा किलो कार्बन डाय-ऑक्साइड हवेत जातो. त्याने हवा तापते. वारा किंवा ऊन यांच्या विजेने पाण्यातून काढलेल्या हायड्रोजनला म्हणूनच 'हिरवा हायड्रोजन' म्हणतात. वायूला रंग नसतो. हिरवा हे नाव तो कसा काढला यावरून पडले आहे.

आता जमाखर्च पाहू. एक किलो हायड्रोजनसाठी निदान नऊ लिटर पाणी आणि सुमारे ५० ते ५५ युनिट वीज लागते. त्या किलोभर वायूत ३३ युनिटांएवढीच ताकद उरते. म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून अधिक ताकद वाटेतच सांडते. मग हा आतबट्ट्याचा व्यवहार करायचा कशाला?

घरातल्या बाया उन्हाळ्यात भाजी वाळवून ठेवतात. टोपलीभर भाजीची ओंजळभर होते. तरी वाळवतात. का? ताजी भाजी चार दिवसांत सडते आणि वाळवलेली पावसाळ्यात कामी येते. वीज ही ताजी भाजी आहे. ती तयार झाली, की त्याच क्षणी वापरावी लागते. हायड्रोजन ही वाळवलेली भाजी आहे. तो महिनेच्या महिने साठवता येतो. उत्तर जर्मनीत जमिनीखाली मिठाचे प्रचंड थर आहेत. त्यांत पोकळ्या करून वायू साठवण्याची रीत तेथे आहे. शिवाय काही कामे नुसत्या विजेने भागत नाहीत. खत करायला हायड्रोजनच लागतो. लोखंडाच्या दगडातून लोखंड काढायलाही कोळशाऐवजी तो चालतो.

तेव्हा नियम सोपा आहे. जेथे सरळ वीज चालते, तेथे वीजच वापरावी. जेथे ती चालत नाही, तेथे हायड्रोजन वापरावा.

समुद्रालाही बांध असतो

समुद्र कोणाचा? कोणी म्हणेल, देवाचा. पण समुद्रातही वाटण्या झालेल्या आहेत. आपल्याकडे बांधावरून भावाभावांत तंटे होतात. तसाच तंटा उत्तर समुद्राच्या तळावरून झाला. तळाखाली तेल आणि वायू होता. मग बांध कोठे घालायचा?

डेन्मार्क आणि नेदरलँड्स म्हणजे हॉलंड. हे दोन देश म्हणाले, शेजाऱ्याशेजाऱ्यांच्या किनाऱ्यांपासून सारख्या अंतरावर रेघ ओढा. जर्मनीला ते मान्य नव्हते. जर्मनीचा किनारा आत वळलेला आहे. तशी रेघ ओढली, तर जर्मनीच्या वाट्याला कोपऱ्यातला लहानसा तुकडा येत होता.

जर्मनीच्या सैन्याने १९४० ते १९४५ ह्या काळात हे दोन्ही देश व्यापले होते. लोकांनी फार हाल सोसले होते. त्या जखमा अजून ओल्या होत्या. तरी ह्या वेळी कोणी बंदुका काढल्या नाहीत. तिघेही हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले. १९६९ साली निकाल लागला. न्यायाधीश म्हणाले, सारख्या अंतराची रेघ सर्वांना बांधून नाही. सर्व बाजू पाहून, बसून बोलून, न्यायाची वाटणी करा. त्याप्रमाणे १९७१ साली करार झाले. जर्मनीला समुद्राच्या मध्यापर्यंत जाणारा पट्टा मिळाला.

बांध एकदा ठरला आणि तो सर्वांनी मानला, की मग बांधावरून देवाणघेवाण करता येते. बांधाचाच वाद असेल, तर शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणी आपल्या शेतात कसे येईल?

दोन देशांची एक तार

समुद्रातल्या पवनचक्क्यांचा पहिला समूह डेन्मार्कने १९९१ साली विंडबी येथे उभारला. अकरा चक्क्या होत्या. प्रत्येकीची ताकद ४५० किलोवॉट. सर्व मिळून पाच मेगावॉटलाही थोडी कमीच. (१००० किलोवॉट म्हणजे एक मेगावॉट.) पंचवीस वर्षे काम करून त्या थकल्या. २०१७ साली त्या काढल्या. आता एकेक चक्की १५ मेगावॉटची होते. म्हणजे विंडबीच्या अकराही चक्क्यांच्या तिप्पट ताकद एकीत आली. तिचे एक पाते सुमारे ११५ मीटर लांब असते. चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ह्या लांबीची कल्पना करता येईल. त्या हिच्यापुढे लहान वाटतील.

डेन्मार्कच्या पूर्वेला बाल्टिक समुद्र आहे. तेथे डेन्मार्कच्या पवनचक्क्यांचा एक समूह आहे. नाव क्रीगर्स फ्लाक. बांधापलीकडे जर्मनीच्या पवनचक्क्या आहेत. दोन्हींमध्ये तीस किलोमीटरही अंतर नाही. पूर्वी प्रत्येकाची तार आपापल्या किनाऱ्याला जात असे. मग दोघांनी विचार केला, की ह्या दोन समूहांना मधे तार जोडली तर? वारा असेल तेव्हा तारा चक्क्यांची वीज नेतील. वारा नसेल तेव्हा त्याच तारांतून एका देशाची वीज दुसऱ्या देशाला देता येईल. तार रिकामी राहणार नाही.

अडचण एकच होती. दोन्हीकडची वीज एका तालात चालत नव्हती. दोन बैलांची पावले जुळली नाहीत, तर गाडी हिसके खाते. तेव्हा जर्मनीच्या बाजूला एक मोठे यंत्र बसवले. ते एका तालाची वीज घेते आणि दुसऱ्या तालाची करून देते. २०२० साली हे काम पुरे झाले. समुद्रातल्या पवनचक्क्यांमधून दोन देश जोडण्याचे असे काम जगात पहिलेच.

तारेनंतर नळ

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर चढाई केली. त्याआधी जर्मनी बाहेरून जो नैसर्गिक वायू घेई, त्यातला निम्म्याहून अधिक रशियातून येत असे. एकाच दुकानदारावर भिस्त ठेवली, की काय होते, हे तेव्हा कळले. वायू तुटला, भाव भडकले, कारखाने आणि घरे दोन्ही अडचणीत आली.

मे २०२२ मध्ये डेन्मार्कच्या एस्बियर बंदरात चार देशांची बैठक झाली. डेन्मार्क, जर्मनी, नेदरलँड्स आणि बेल्जियम. चौघांनी मिळून ठरवले, की २०३० पर्यंत उत्तर समुद्रात ६५ हजार मेगावॉटच्या पवनचक्क्या उभ्या करायच्या. २०५० पर्यंत दीड लाख. आणि त्यांच्या जोडीला हिरवा हायड्रोजन करायचा. एप्रिल २०२३ मध्ये बेल्जियमच्या ओस्टेंड गावी नऊ देश जमले. फ्रान्स, ब्रिटन, नॉर्वे, आयर्लंड आणि लक्झेंबर्ग हे त्यांना येऊन मिळाले. तेथे आकडा वाढून २०५० साठी तीन लाख मेगावॉट झाला.

मार्च २०२३ मध्ये डेन्मार्क आणि जर्मनी यांनी हायड्रोजनचा नळ टाकण्याचे ठरवले. डेन्मार्ककडे वारा उदंड आणि माणसे थोडी. जर्मनीत आठ कोटींहून अधिक माणसे आणि पोलादाचे, रसायनांचे मोठे कारखाने. एकाकडे माल, दुसऱ्याकडे गिऱ्हाईक. नळ एस्बियरच्या बाजूने निघून जर्मनीच्या सीमेला मिळायचा आहे.

वाचकहो, येथे जरा थांबू. १८६४ साली दक्षिणेची बंदरे गेली, म्हणून डेन्मार्कने १८६८ साली एस्बियर बंदर बांधायला घेतले. ज्या मुलखातून हा नळ जायचा, तो १८६४ साली युद्धात गेला होता. १९२० साली लोकांचे मत घेऊन त्याचा उत्तरेकडचा भाग डेन्मार्कला परत मिळाला. ज्या सीमेमुळे शाळेला गाव सोडावे लागले, त्या मुलखातून आता त्याच शाळेत दिवा लावलेला वायू वाहायचा आहे. ला कूर मास्तर आज असते, तर त्यांना काय वाटले असते!

घोडे कोठे अडले?

ठरवणे सोपे, करणे अवघड. हेही सांगितले पाहिजे.

नळ २०२८ पर्यंत व्हावा, असा बेत होता. २०२४ साली डेन्मार्कने सांगितले, की तो वेळेवर होणार नाही, आणखी काही वर्षे लागतील. त्याच वर्षी डिसेंबरात डेन्मार्कने उत्तर समुद्रात ३००० मेगावॉटच्या पवनचक्क्यांसाठी निविदा मागवल्या होत्या. मुदत संपली. पेटी उघडली, तर एकही निविदा नाही! ऑगस्ट २०२५ मध्ये जर्मनीतही तसेच झाले.

असे का झाले? आपल्याकडचे उदाहरण घेऊ. एखाद्या भागात शेतकरी म्हणतो, "कारखाना नाही, मग ऊस कशाला लावू?" कारखाना काढणारा म्हणतो, "ऊस नाही, मग कारखाना कशाला काढू?" रस्ता करणारा म्हणतो, "दोन्ही नाही, मग रस्ता कशाला?" तिघे एकमेकांकडे पाहत बसतात. येथे ऊस म्हणजे पवनचक्क्या. कारखाना म्हणजे हायड्रोजन वापरणारे गिऱ्हाईक. रस्ता म्हणजे नळ. त्यात लोखंड महागले, कर्जाचे व्याज वाढले. हिरवा हायड्रोजन अजून महाग पडतो. नॉर्वेहून जर्मनीला हायड्रोजनचा नळ नेण्याचा एक बेत तर २०२४ साली सोडूनच द्यावा लागला.

कोळ्यांचीही तक्रार आहे. पवनचक्क्या उभ्या राहिल्या, की तेवढ्या पाण्यात जाळी ओढता येत नाहीत. खांब ठोकताना फार आवाज होतो. समुद्रातल्या जिवांना तो सोसत नाही. जर्मनीत म्हणून खांबाभोवती पाण्यात हवेच्या बुडबुड्यांचा पडदा सोडतात. त्याने आवाज कमी होतो.

पण मंडळी हात टेकून बसलेली नाहीत. जर्मनीने २०२४ साली नऊ हजार किलोमीटरच्या हायड्रोजन नळांचे जाळे मंजूर केले. त्यात निम्म्याहून अधिक जुनेच वायूचे नळ वापरायचे आहेत. डेन्मार्कने २०२५ साली सरकारी मदत देऊन पुन्हा निविदा काढण्याचे ठरवले. फ्रान्सच्या किनाऱ्यापासून दूर, समुद्रात तरंगत्या तराफ्यावर यंत्र ठेवून २०२३ साली हायड्रोजन काढूनही दाखवला. यंत्र लहान, एक मेगावॉटचे. पण लाटांवर हे काम होते, एवढे कळले.

आपल्या गोणीशी याचा संबंध

कोणी विचारील, "गुरुजी, हे सारे सातासमुद्रापलीकडचे. आम्हांला काय त्याचे?"

आपल्या घरातली युरियाची गोणी पाहा. युरिया करायला अमोनिया लागतो. अमोनिया करायला हायड्रोजन लागतो. आज आपल्याकडे तो नैसर्गिक वायूपासून काढतात. अलिबागजवळ थळ येथे खताचा मोठा कारखाना आहे, तोही ह्याच वायूवर चालतो. आणि देशाला लागणाऱ्या नैसर्गिक वायूचा मोठा भाग बाहेरून विकत आणावा लागतो. परदेशात लढाई झाली, की वायू महागतो. शेतकऱ्याला गोणी ठरल्या भावात मिळते, पण वरचा पैसा सरकारी तिजोरीतून, म्हणजे आपल्याच खिशातून जातो.

आम्ही एक हिशेब केला. ४५ किलोच्या गोणीत जो युरिया असतो, त्यासाठी सुमारे साडेचार किलो हायड्रोजन लागतो. तो पाण्यातून काढायचा, तर अडीचशे युनिटांच्या आसपास वीज लागेल. साध्या घराला ती दोन-तीन महिने पुरेल. एका गोणीला एवढी! म्हणून वीज स्वस्त झाल्याशिवाय हिरवा हायड्रोजन स्वस्त होणार नाही. आणि म्हणूनच गोणीतले खत उधळून टाकू नये. मातीची परीक्षा करून, लागेल तेवढेच घालावे.

आपले सरकारही ह्या कामाला लागले आहे. जानेवारी २०२३ मध्ये हिरव्या हायड्रोजनची राष्ट्रीय मोहीम मंजूर झाली. तिला १९,७४४ कोटी रुपये ठेवले. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हायड्रोजन काढण्याचा संकल्प आहे. २०२४ साली गुजरात आणि तामिळनाडूच्या समुद्रात प्रत्येकी ५०० मेगावॉटच्या पवनचक्क्यांसाठी मदतीची योजना मंजूर झाली. ह्या कामात डेन्मार्कशी आपले सहकार्य आहे. २०२० साली दोन्ही देशांनी तसा करार केला.

तर सांगायचे ते हे. वारा कोणाच्या मालकीचा नाही. तो सीमा ओळखत नाही. पण त्याची वीज करायची, तर सीमेच्या दोन्ही बाजूंच्या माणसांना एकत्र बसावे लागते. बांध मानावा लागतो. तार जोडावी लागते. नळाचा खर्च वाटून घ्यावा लागतो. त्यात वेळ मोडतो, घोडे अडते, पुन्हा बसावे लागते. लढाईपेक्षा हे पुष्कळ बरे. गावातल्या पाटाच्या पाण्याची पाळी ठरवताना आपणही हेच करतो. आणि जेथे ते करत नाही, तेथे पाणी वाया जाते आणि कोर्टाची पायरी तेवढी झिजते.

सांगा पाहू

१. ला कूर मास्तरांनी वारा पडल्यावर दिवे कसे लावले?
२. वीज ताज्या भाजीसारखी आणि हायड्रोजन वाळवलेल्या भाजीसारखा, असे का म्हटले आहे?
३. १९६९ सालच्या निकालात न्यायाधीशांनी काय सांगितले?
४. डेन्मार्कच्या निविदेला कोणी का आले नाही? ऊस आणि कारखान्याच्या उदाहरणावरून सांगा.
५. आपल्या गावात शेजाऱ्यांनी मिळून केले, तरच होईल असे कोणते काम आहे? वर्गात त्याची चर्चा करा.